पावतीचा डावा पाय

बंगळुरातला घरमालक म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं ते मला ठाऊक आहे. दहा महिन्यांचं डिपॉझिट. अंडं चालणार नाही. पाहुणा आला तर त्याचं आधार कार्ड दाखवा. आता तुम्ही वाट बघताय की मी त्या माणसाची नक्कल करणार आणि आपण सगळे मिळून हसणार. करणार आहे की. नक्कल म्हणजे माझा हातखंडा. निपाणीच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून दुपारी तीनला सुट्टी जाहीर केली होती आणि शाळा खरंच सुटली होती. पण आधीच सांगून ठेवतो, इथं हसं होतं ते घरमालकाचं नाही. आणि गोष्टीत कुत्रं आहे म्हणजे ते शेवटी मरणार, अशा तयारीनं कुणी रुमाल काढला असेल तर तोही ठेवा खिशात. कुत्री ठणठणीत आहे. परवाच भेटून आलो. माझा बूट चावला तिनं.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत. आता यशवंतपुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत तुम्ही नुसतं 'अण्णा' म्हणून ओरडलात तर रिक्षावाल्यापासून कांद्याच्या व्यापाऱ्यापर्यंत सात जण वळून बघतील. पण 'टेपवाले अण्णा' म्हटलं की एकच. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मोजायची पोलादी टेप असायची, आणि दुसऱ्या खिशात खडू. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं विसरलं, असं तेच सांगायचे. घरात मराठीच बोलायचे, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की माझ्यासारख्या सीमेवरच्या पोरालासुद्धा पहिले आठ दिवस कान टवकारून बसावं लागलं.

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं राहिलो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीतली, पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं. बाकीचे दिवस खोलीत बसून फोनवरून लोकांचे बंद पडलेले राउटर चालू करून द्यायचे. पहिल्या दिवशी करारावर सही करायला गेलो. पेन काढलं तर अण्णा म्हणाले, "वाच."

मी मनात वाचायला लागलो.

"मोठ्यानं."

आठ कलमं इंग्रजीत छापलेली. नववं खाली अण्णांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलेलं: 'भाडेकरूच्या हातून घरातल्या कशाचंही नुकसान झालं तर त्यानं ते त्याच दिवशी सांगावं. त्याच दिवशी सांगितल्यास भरपाई माफ. न सांगितल्यास खोली सोडावी.'

"परत," अण्णा म्हणाले.

परत वाचलं.

"त्याच दिवशी म्हणजे कधी?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो.

"सरी. आता सही कर."

अण्णा आयुष्यभर विम्याच्या कामात सर्व्हेअर होते. गोदामाला आग लागली, लॉरी उलटली, दुकानात पाणी शिरलं की नुकसान खरं किती आणि ते कशानं झालं, हे बघायला जाणारा माणूस. रिटायर झाले, पण बघायचे थांबले नाहीत. घराच्या भिंतींना भेगा होत्या, आणि प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीची बारीक रेघ आणि तारीख. पुढच्या महिन्यात भेग अर्धा इंच सरकली की नवी रेघ, नवी तारीख, आणि त्याची नोंद एका वहीत. माझ्या खोलीतली भेग तर खिडकीपासून निघून पार पंख्याकडं चालली होती. मी म्हणालो, "अण्णा, बुजवून घेऊ या की." म्हणाले, "पैसे ठेवलेत बाजूला. पण आधी ती कुठं चाललीय ते कळू दे. स्वल्प थांब."

आणि एक प्रश्न. तुम्ही त्यांना काहीही सांगा, ते दोनदा खाकरायचे, तुमच्याकडं बघायचे आणि विचारायचे, "कधीपासून?"

पोट दुखतंय. कधीपासून? वीज गेलीय. कधीपासून? शेजारच्या मुलीनं लग्न ठरल्याचे पेढे आणून दिले. अण्णांनी पेढा तोंडात टाकला, खाकरले, "कधीपासून?" पोरगी लाजून जी पळाली ती पेढ्यांचा डबा आमच्याकडंच विसरली. अक्का म्हणजे त्यांच्या बायको, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, असं विचारतात होय कुणाला?"

"मग कसं विचारतात? नुकसान असो की फायदा, सुरुवातीची तारीख नको? नोट करा."

हे 'नोट करा' वाक्याच्या शेवटी शिक्का मारल्यासारखं यायचं. नक्कल करणाऱ्याला आणि काय पाहिजे हो! दोन खाकर, एक प्रश्न, एक शिक्का. महिन्याभरात माझा अण्णा तयार झाला. अक्कांना कळलं तेव्हा आधी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग मला कामाला लावलं. दूधवाला पाणी घालायला लागला की अक्का मला जिन्यावरून खुणावायच्या. मी वरून खाकरायचो, "कधीपासून?" दूधवाला दुसऱ्या दिवशी नुसती साय आणून द्यायचा. अण्णा त्या वेळी बाजारात गेलेले असायचे.

पण खरं सांगतो, नक्कल करता करता मी त्या माणसाला टरकून होतो. एकदा एक गाडी आमच्या कंपाउंडच्या भिंतीला धडकली. ड्रायव्हर म्हणाला, समोर गाय आली. बघणाऱ्यांतला एक म्हणाला बाई आली, दुसरा म्हणाला ब्रेक लागला नाही. अण्णा बनियनवर बाहेर आले. टेप काढली, रस्त्यावर उकिडवे बसले, टायरची खूण मोजली, खडूनं तीन गोल काढले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "ब्रेक शेवटच्या दोन फुटांत लावलास. तेवढ्यात गाय नाही येत. मान खाली होती. फोनवर काय बघत होतास?" ड्रायव्हरनं मुकाट्यानं फोन दाखवला. भाच्याचा वाढदिवसाचा व्हिडिओ होता. अण्णांनी तो पूर्ण बघितला, पोराला आशीर्वाद दिला आणि भिंतीचे पैसे घेतले.

अक्का सांगायच्या, नोकरीत असताना एका जळालेल्या गोदामाच्या मालकानं घरी आंब्याची पेटी पाठवली होती. अण्णांनी पेटी उघडली, आंबे मोजले, आणि रिपोर्टच्या शेवटी लिहिलं: 'याखेरीज एक पेटी आंबे, पैकी चौदा पिकलेले, परत पाठवले.' अक्का हे सांगताना दर वेळी सुस्कारा सोडायच्या. हापूस होते म्हणे.

पावती त्यांना तशाच एका गोदामात सापडली. राखेत बसलेलं एवढंसं पिल्लू, गावठी, एक कान उभा, एक पडलेला. मालक म्हणाला, घेऊन जा. अण्णांनी पावती मागितली. तो म्हणाला, कुत्र्याची कसली पावती? दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी अण्णांनी पिल्लाचंच नाव पावती ठेवलं, म्हणजे माल आणि कागद एकत्रच. त्या पिल्लाची आता सहा वर्षांची धिप्पाड बाई झाली होती. माझ्याकडं ती ढुंकून बघायची नाही. अण्णांच्या आवाजावर मात्र झोपेतून उठून धावायची.

आता मूळ मुद्दा. पावतीनं मक्याच्या कणसाची दांडी गिळली. कणीस संपल्यावर जी उरते ती, अख्खी. आतड्यात अडकली. ऑपरेशन झालं, पाच दिवस सलाइन, आणि बिल आलं बेचाळीस हजार. अण्णा ते बिल घेऊन व्हरांड्यात बसले. भिंग काढून एकेक ओळ वाचली. हातमोज्यांचे तेरा जोड लावले होते. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, "तेरावा जोड कुणी घातला?" त्यांनी एक जोड कमी केला. मग भिंग खाली ठेवून अण्णा म्हणाले, "हिचा विमा काढायचा."

"कुत्र्याचा?" अक्का.

"पावतीचा," अण्णा.

पुढचा महिनाभर घरात तेच. तीन कंपन्यांचे कागद फरशीवर पसरलेले, त्यावर दगड ठेवलेले, मधोमध पावती बसलेली, स्वतःचंच स्थळ आल्यासारखी. अक्कांचं म्हणणं साधं होतं. "कंपनीला कशाला? तेवढेच पैसे दर महिन्याला मी डब्यात टाकते. काही झालं नाही तर आपले आपल्याला."

"डबा भरायला तीन वर्षं लागतात," अण्णा म्हणाले. "हिला कणीस गिळायला तीन मिनिटं."

"आणि कंपनी देणार म्हणता?"

"ते कलमात असेल तर देणार. नसेल तर नाही देणार. डब्याला कलम नसतं, म्हणून तर तू त्यातून साड्या घेतेस."

अक्का उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा फळीवर आला. त्यावर कागद चिकटवलेला, 'पावती'. कंपनीत जाईल तेवढाच हप्ता डब्यातही पडणार होता. एका कुत्रीचे दोन विमे.

चाळीस पानांची पॉलिसी अण्णांनी दोनदा वाचली. एकतिसाव्या पानावर एक कलम नवव्या पानाशी भांडतंय, असं त्यांनी कंपनीला कळवलं. कंपनीतून कुणी साहेबाचा फोन आला, "सर, ते आम्हाला जरा समजावून सांगता का?" अण्णांनी पाऊण तास समजावलं. मी जिन्यात बसून ऐकत होतो. शाळेत मला असं कुणी काही समजावलं असतं तर मी आज राउटर दुरुस्त करत बसलो नसतो. मग विम्यासाठी पावतीचे फोटो काढायचे होते. अण्णांनी तिला अपघाताच्या गाडीसारखं उभं केलं. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, आणि उंची कळायला शेजारी टेप. पॉलिसी सुरू झाल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बसवून एकच वाक्य मोठ्यानं वाचलं, "पहिले तीस दिवस काही झालं तर कंपनी देणार नाही. नोट करा."

मी केलं नोट. तेच तर.

एकविसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझा ऑफिसातला मित्र आला. हा सर्जापूर रोडला राहणारा, मूळ पुण्याचा. अण्णा बाजारात गेले होते. गच्चीवर बसून डोसे खाताना तो म्हणाला, "ब्रो, तू तो ओनर करून दाखव ना, प्लीज." मी केला. तो लोळायला लागला. मग मला चेव चढला. म्हणालो, "हे काहीच नाही. आता बघ." कठड्याशी गेलो, खाकरलो, आणि अण्णांच्या आवाजात हाक मारली, "पावतीऽऽ! ये, ये, ये!"

पावती फाटकाजवळ झोपली होती. ती गच्चीवर कधीच येत नसे. लोखंडी जिना उभा आणि अरुंद, तिला तो आवडायचा नाही. पण आवाज वरून आला. ती उठली आणि आलीच, तीन-तीन पायऱ्या एकदम. वरून तिसऱ्या पायरीवर मागचा पाय पट्ट्यांच्या फटीत घसरला. केकाटली. मग वर आली, डावा मागचा पाय उचलून, आणि इकडंतिकडं बघायला लागली. अण्णांना शोधत होती. मित्र टाळ्या वाजवत होता, "सेम टू सेम, ब्रो!" ती तीन पावलं लंगडली, अंग झटकलं, नीट चालायला लागली. मी तिला उरलेला डोसा दिला. तिनं हुंगला आणि खाली निघून गेली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. नीट चालत होती ना.

संध्याकाळी अण्णांनी भेगांच्या वहीत लिहिलं. मी ते दुसऱ्या दिवशी बघितलं, कारण वही व्हरांड्यात उघडीच असायची. 'पावती. डावा मागचा पाय. उठल्यावर तीन पावलं लंगडली. कारण: समजलं नाही.' खाली एकविसाव्या दिवसाची तारीख.

दीड महिन्यानं एका सकाळी पावती उठलीच नाही. पाय टेकवेना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, सर्जापूर रोडला. तिथं सगळी सोसायटीतली कुत्री, शाम्पू केलेली, कोको आणि मोका अशा नावांची. गुडघ्यातली दोरी तुटलीय, डॉक्टर म्हणाले, आधी थोडी फाटली असणार, मग चालून चालून पूर्ण गेली. हाड कापून प्लेट बसवावी लागेल. नाहीतर तीन पायांवर राहील. एक लाख दहा हजार.

"करा," अण्णा म्हणाले. एवढंच. मग मला म्हणाले, "कंपनी देणार नाही. वहीत एकविसाव्या दिवसाची तारीख आहे. त्यांचा फोन आला तर मला बोलव, मी सांगतो." आणि पावतीला उचलून एक्सरेच्या खोलीत गेले. त्यांचा फोन माझ्याकडं. तो नेहमी माझ्याकडंच असायचा. अण्णांना मोबाइल धरायचा म्हणजे पाल धरल्यासारखं वाटायचं.

दवाखान्यानं मंजुरीसाठी कंपनीला कळवलं होतं. दहा मिनिटांत फोन वाजला. एका मुलीचा आवाज. "सर, क्या मैं पॉलिसी होल्डर से बात कर रही हूँ?"

दारापलीकडून पावतीचं कण्हणं ऐकू येत होतं. अण्णा तिला कन्नडमध्ये काहीतरी सांगत होते, लहान पोराला सांगतात तसं.

मी दोनदा खाकरलो.

"येस. बोलो अम्मा."

"सर, डॉग को ये प्रॉब्लेम कब से है?"

कब से. अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न. आणि या एका वेळी त्याचं उत्तर अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं. वार, वेळ, पायरीसकट. मला वाटलं, जे मी मोडलं ते मीच भरून देतोय. देवाशप्पथ असंच वाटलं.

"लास्ट वीक से," मी म्हणालो. "नोट कर लो."

तासाभरात मंजुरीचा मेसेज आला. मी अण्णांना वाचून दाखवला. मला वाटलं होतं ते हसतील.

"मंजूर?" अण्णा म्हणाले. "मला न विचारता?"

"सिस्टिमनं केलं असेल अण्णा. हल्ली असंच असतं."

"'कधीपासून' न विचारता मंजूर करतो तो सर्व्हेअर नाही, तो दानधर्म." ते काउंटरवर गेले आणि सांगितलं, ऑपरेशन उद्या करा, पण बिल कंपनीला पाठवायचं नाही, मी भरतो. दुसऱ्या दिवशी भेगा बुजवायला ठेवलेलं फिक्स्ड डिपॉझिट मोडलं. कमी पडले ते अक्कांनी डब्यातून काढून दिले, एक शब्द न बोलता. अक्का न बोलता काही देतात हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी सारखं म्हणत होतो, "अण्णा, कंपनी देतीय तर घ्या की." ते म्हणायचे, "स्वल्प थांब. आधी कळू दे, कशाच्या आधारावर देतायत."

मग त्यांनी मला ईमेल लिहायला बसवलं. 'तुम्ही मला विचारल्याशिवाय दावा मंजूर केला आहे. ज्यानं केला त्याला पुन्हा शिकवावं.' उत्तर तिसऱ्या दिवशी माझ्याच फोनवर आलं, कारण अण्णांचा ईमेल मीच उघडून दिलेला. 'सर, आपल्याला विचारलं होतं. आपण उत्तर दिलं होतं. संभाषणाचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.'

एक बोट दाबलं असतं तर पुसून टाकता आलं असतं. त्या दिवशी अण्णांनी विचारलं, "आलं का काही?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्या दिवशी विचारलं, "आलं?" तेव्हा ते पावतीच्या गादीशेजारी जमिनीवर बसले होते. तिनं टाके चाटू नयेत म्हणून रात्रंदिवस तिथंच बसायचे. टेप खिशात नव्हती, गादीखाली पडलेली होती.

"आलंय," मी म्हणालो.

"लाव."

लावलं. दोन खाकर. येस, बोलो अम्मा. कब से. लास्ट वीक से. नोट कर लो.

स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "हे तुम्हीच की!"

माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी दाद.

"परत लाव," अण्णा म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं, भेगेवरून बोट फिरवतात तसं. मग म्हणाले, "लिही." आणि सांगितलं: 'सदर आवाज माझा नाही. पाय पहिल्या तीस दिवसांत दुखावला, वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे. दावा रद्द करावा. आवाज कुणाचा, हा माझ्या घरातला प्रश्न आहे, तो मी बघून घेईन.'

मी ते माझ्या हातानं टाइप केलं. माझ्या हातानं पाठवलं. कंपनीनं दावा रद्द केला, एका ओळीत. मला वाटलं आता सामान बांधायला सांगतील. पण दोन दिवस तसं काही झालं नाही. सकाळी दार उघडलं की ते जिन्यावर उकिडवे बसलेले दिसायचे, हातात टेप, कानामागं खडू. मी त्यांना ओलांडून खाली जायचो.

रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. व्हरांड्यात पावती गादीवर, पायाला पट्टी. अक्का दारात. अण्णांच्या मांडीवर भेगांची वही आणि माझा करार.

"कधीपासून?" अण्णा म्हणाले.

"पहिल्या महिन्यापासून अण्णा," मी म्हणालो. "तुमची नक्कल मी..."

"ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. दूधवाला मला सांगतो, तुमच्यापेक्षा वरचा मुलगा छान खाकरतो. ते नाही विचारलं." वही माझ्यापुढं केली. "पाय. कधीपासून? वरून तिसऱ्या पायरीला नखांचा ओरखडा आहे, फटीत हिचे केस आहेत. ही वर जात नाही. मी बोलावल्याशिवाय जाणार नाही. त्या शनिवारी दुपारी मी बाजारात होतो."

मी सगळं सांगितलं. मित्र, डोसा, हाक. अण्णांनी पेन्सिल घेतली, 'समजलं नाही' वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मग वही मिटली.

"गाढवा," ते म्हणाले. "कंपनीला फसवायला निघालास, त्याचं सोड. आयुष्यभर लोकांनी मला फसवून बघितलं, त्यात एक तू. पण हिला? मी हिला कधी रिकामं बोलावलेलं नाही. एकदापण नाही. बोलावलं की हातात काहीतरी असतं. म्हणून ती तीन-तीन पायऱ्या धावली. तुझ्या नकलेवर नाही धावली रे, माझ्या शब्दावर धावली! आणि वर येऊन बघते तर कोण? तू आणि तुझा डोसा!"

"अण्णा, ती नीट चालत होती म्हणून..."

"बोलू नकोस! त्या दिवशी सांगितलं असतंस तर आठ दिवस बसवून ठेवली असती. दोरी तुटली नसती. दीड महिना ती फाटक्या पायावर गल्लीभर फिरली. मी इथं बसून रोज विचार करतोय, कारण काय, कारण काय. आणि कारण वर बसून राउटर दुरुस्त करतंय!" त्यांनी करार माझ्या अंगावर टाकला. "नववं कलम. वाच. मोठ्यानं."

मी कागद उचलला. ते कलम मी ऑफिसात शंभर वेळा वाचून दाखवलं होतं, लोक हसून लोळायचे. माझ्या जिभेला ते एकाच आवाजात ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आणि दोनदा खाकरलो, "भाडेकरूच्या हातून घरातल्या..."

पावतीनं मान वर केली. अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुढचे दोन पाय रोवून उठायला लागली.

"थांब!" अण्णा ओरडले, आणि तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून तिला खाली बसवलं. ती बसली. शेपटी हलत होती.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. आता ओरडत नव्हते, त्यामुळं जास्त लागत होतं. "खोली सोडायची की राहायचं ते नंतर ठरवू. आधी हे वाच. तुझ्या आवाजात. निपाणीहून आणलेला एक असेल ना कुठंतरी, त्या आवाजात वाच. आणि हळू वाच, गाढवा. ती उठता कामा नये."